नदीकाठच्या भूजलात क्रोमियम-६: उपसून शुद्ध करायचं की जमिनीतच पाडायचं? हॅनफर्डचा दाखला कितपत लागू?

काठावरची_बोअर:

नदीकाठच्या एका बंद प्लेटिंग (धातूला मुलामा देण्याच्या) आवाराचा भूजल-शुद्धीकरण आराखडा तपासायला आलाय. पर्याय दोन ठेवलेत. पहिला: बोअरमधून पाणी उपसायचं, शुद्ध करायचं आणि आवाराच्या वरच्या अंगाला परत जमिनीत सोडायचं. दुसरा: नदीला समांतर बोअरची रांग मारून त्यांत सोडियम डायथायोनाइट सोडायचं, म्हणजे त्याने क्षपित झालेलं (इलेक्ट्रॉन मिळालेलं) मातीतलं लोहच विषारी, पाण्याबरोबर वाहणाऱ्या क्रोमियम-६ चं न विरघळणारं क्रोमियम-३ करत राहील. एकदा खर्च केला की पुढची २० वर्षं वीज नको, ऑपरेटर नको, असा दावा आहे. दाखला अमेरिकेतल्या हॅनफर्डचा दिलाय. पण तिथे तर मोठे उपसा-प्रकल्प चालतात असं दिसतं. मग ती भिंत (क्रिया झालेल्या मातीचा तो पट्टा) फसली का?

जागेचे आकडे असे: वर ४ मी काळी माती, खाली नदीचा गाळ (वाळू, मध्येमध्ये गोट्यांचे पट्टे), त्याखाली कठीण पाषाण. पाणी असलेल्या थराची जाडी ८ मी. पंपिंग टेस्टवरून पारगम्यता दिवसाला २० मी. पाण्याचा उतार नदीकडे ०.००३. दूषित पट्ट्याची रुंदी १२० मी. क्रोमियम-६ सरासरी ०.८ मिग्रॅ/लि., पण त्याच बाटल्यांत एकूण क्रोमियम १.४ येतंय. विरघळलेला ऑक्सिजन ६, नायट्रेट ४५, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मुरवण्याची क्षमता) ३०० (तिन्ही मिग्रॅ/लि.). उपसा दिवसाला १०० घनमीटर धरलाय आणि बोअर नदीपासून ४० मीटरवर दाखवलीय.

भिंत घ्यावी का, बोअरची जागा बरोबर आहे का, आणि वरती शुद्ध करायचं तर रेझिन (आयन पकडणारे मणी) की फेरस सल्फेट?

खोल_पाणी:

हॅनफर्डचं नाव दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने घेतात, म्हणून आधी तिथलं प्रकरण थोडक्यात.

वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी प्लुटोनियम बनवणाऱ्या ९ अणुभट्ट्या होत्या. पहिली, ‘बी’, १९४४ मध्ये सुरू झाली आणि शेवटची, ‘एन’, १९८७ मध्ये बंद पडली. यांतल्या ८ भट्ट्या नदीचं पाणी एकदाच गाभ्यातून फिरवून परत नदीत सोडायच्या. अॅल्युमिनियमच्या नळ्या गंजू नयेत म्हणून त्या पाण्यात लिटरला सुमारे २ मिग्रॅ सोडियम डायक्रोमेट घालत. एवढ्याने प्रकरण इतकं चिघळलं नसतं. खरं दुखणं टँकरमधून येणाऱ्या घट्ट द्रावणाचं. ते उतरवण्याच्या जागी, पाइपांच्या सांध्यांत जे सांडलं ते सरळ खाली उतरलं. क्रोमेट ऋणभारित असतं, मातीला धरून राहत नाही, पाण्याच्या वेगाने नदीकडे जातं. आणि तिथे नदीतळाच्या गोट्यांत चिनूक सामन अंडी घालतो. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा कडक, लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा नदीत मिसळणाऱ्या पाण्याला लागते.

१९९७ पासून तिथे दोन्ही उपाय शेजारी-शेजारी सुरू झाले. ‘१००-डी’ भागात डायथायोनाइटची भिंत आधी चाचणी म्हणून केली, मग २००३ पर्यंत वाढवत सुमारे ६८० मीटर नेली, ६० हून अधिक बोअर मारून. अपेक्षित आयुष्य २० वर्षं होतं. काही वर्षांतच काही बोअरमधून क्रोमियम पलीकडे दिसायला लागलं. भिंत सगळी कोसळली नाही, तिला भोकं पडली. नदीकाठी भिंतीला भोक असणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर भर उपशावर गेला: ‘डीएक्स’ प्रकल्प २०१० अखेर, मिनिटाला सुमारे २,२७० लिटरचा, आणि ‘एचएक्स’ २०११ मध्ये, सुमारे ३,०३० लिटरचा.

आराखड्यात शोधा म्हणून एक तिसरी गोष्ट. हॅनफर्डला गळतीच्या जागीच थेट पाण्यापर्यंत, सुमारे ८५ फूट म्हणजे २६ मीटर खोल खड्डे खणून माती काढली. मूळ माती तशीच ठेवून उपसा लावला तर दर पावसाळ्यात वरून नवा हप्ता खाली येत राहतो. तुमच्या प्रश्नात प्लेटिंगच्या टाक्यांखालच्या मातीचा उल्लेखच नाही.

हिशेबी_गाळ:

भिंतीचं २० वर्षांचं आयुष्य कुठून येतं आणि ते का टिकत नाही, हे तुमच्याच आकड्यांवर काढून पाहू.

पट्ट्यातून नदीकडे जाणारं पाणी: २० × ८ × ०.००३ × १२० = दिवसाला ५७.६ घनमीटर. त्यात क्रोमियम ०.८ च्या हिशेबाने दिवसाला ४६ ग्रॅम. वर्षाला १७ किलोच्या आत.

आता भिंतीतलं लोह कोण खातं ते बघा. क्रोमियम-६ च्या प्रत्येक अणूला ३ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे ०.८ मिग्रॅला ०.०४६ मिलीइक्विव्हॅलंट (इलेक्ट्रॉन मोजायचं एकक). ६ मिग्रॅ ऑक्सिजनला लागतात ०.७५. म्हणजे भिंत क्रोमियमसाठी बांधली तरी खर्च होते ऑक्सिजनवर. क्रोमियमचा वाटा जेमतेम ६ टक्के. नायट्रेटचे ४५ मिग्रॅ पूर्ण नायट्रोजनपर्यंत गेले तर आणखी ३.६ लागतात. ते सहसा पूर्ण जात नाहीत, लोहाशी नायट्रेटची क्रिया मंद असते, पण शून्यही धरू नका.

नायट्रेट सोडून फक्त ऑक्सिजन आणि क्रोमियम धरले तर वर्षाला साधारण १६,७०० इक्विव्हॅलंट, म्हणजे ९३० किलो फेरस लोह संपतं. भिंत १२० मी लांब, ८ मी उंच, १० मी रुंद धरली तर ९,६०० घनमीटर, साधारण १८,००० टन गाळ. त्यातलं ०.१ टक्का लोह डायथायोनाइटने क्षपित झालं तर १८ टन. भागाकार करा, साडेएकोणीस वर्षं. आराखड्यातला आकडा बहुधा असाच आलाय.

हा भागाकार सरासरीचा आहे आणि पाणी सरासरीतून वाहत नाही. तुम्हीच लिहिलंय, मध्येमध्ये गोट्यांचे पट्टे आहेत. समजा, एका पट्ट्याची पारगम्यता १० पट आहे आणि गोट्यांत बारीक कण कमी असल्यामुळे क्षपित होणारं लोह एकतृतीयांश. तिथे लोह ३० पट वेगाने संपतं. साडेएकोणीस वर्षांचे ८ महिने होतात. बाकीची भिंत ठणठणीत असते आणि क्रोमियम नेमकं त्या पट्ट्यातून जातं, कारण सगळ्यात जास्त पाणीही तिथूनच जातं. हॅनफर्डच्या भोकांचं मुख्य कारण हेच: थर एकसारखा नव्हता.

१८ टन लोहासाठी लागणारं डायथायोनाइट कागदावर २८ टन. ते जमिनीत स्वतःहूनच विघटित होत राहतं, म्हणून व्यवहारात याच्या दुपटीची तयारी ठेवावी लागते. आम्लात ते लगेच मोडतं, म्हणून पोटॅशियम कार्बोनेट-बायकार्बोनेटने पीएच ११ च्या आसपास ठेवून सोडतात. पीएच चढल्यामुळे मातीतलं आर्सेनिक, मँगनीज सुटू शकतं, त्याची तपासणी आराखड्यात हवी. शिवाय क्रिया झाल्यावर उरतं सल्फाइट, पुढे सल्फेट; २८ टनांमागे सुमारे ३१ टन सल्फेट. हॅनफर्डला क्रियेनंतर वापरलेलं द्रावण त्याच बोअरमधून परत उपसून काढायचे. तुमच्याकडे ते उपसलेलं पाणी ठेवणार कुठे, हे आराखड्यात आहे का?

साठवणीचं राहिलं. हेच रसायन इचलकरंजी-सोलापूरचे डाइंगवाले ‘हायड्रो’ म्हणून वापरतात. पिंपात ओल गेली की ते आपोआप तापून पेटतं आणि सल्फर डायऑक्साइड सोडतं. थोडंथोडकं पाणी मारून विझवायला गेलात तर आणखी भडकतं; मारायचं तर पाण्याचा लोंढाच लागतो. नदीकाठच्या शेडमध्ये, पावसाळ्यात, काही टन हायड्रो ठेवायचं म्हणजे लाकडी पॅलेट, कोरडी हवा आणि सीलबंद पिंपं. उघडलेलं पिंप त्याच दिवशी संपवायचं.

माझं मत: तुमच्या जागी भिंत मुख्य उपाय म्हणून नको. पट्ट्याच्या मध्यावर, गळतीच्या जागेजवळ, जिथे क्रोमियम सगळ्यात घट्ट आहे तिथे एकदोन बोअरमध्ये क्षपणक सोडून साठा मोडायला ती चालेल.

उपसा_आणि_उतार:

बोअरच्या जागेबद्दल. एका बोअरचा पकड-पट्टा (जेवढ्या रुंदीतलं पाणी ती ओढून घेते तो) वरच्या अंगाला Q भागिले (T × i), इथे Q म्हणजे उपसा, T म्हणजे पारगम्यता गुणिले जाडी, i म्हणजे उतार. १०० भागिले ०.४८ = २०८ मी. पण ही रुंदी खूप वर गेल्यावर मिळते. बोअरच्या रेषेत ती निम्मी, १०४ मी. पट्टा १२० मीटरचा, तेव्हा कडेचे ८-८ मीटर सुटतील. दोन बोअर घेणार असाल तर ५०-५० घनमीटरच्या घ्या, पण एकूण उपसा तोच राहिला तर रेषेतली रुंदी वाढत नाही. त्यांच्यात Q भागिले (π × T × i), म्हणजे ३३ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, नाहीतर मधून पाणी निसटेल.

खालच्या अंगाला पकड Q भागिले (२π × T × i), इथे ३३ मी. बोअर नदीपासून ४० मीटरवर आहे, म्हणजे ७ मीटर राखून. काठावर पास.

खोल_पाणी:

ते ३३ मीटरचं सूत्र अनंत पसरलेल्या थराचं आहे, शेजारी नदी नसताना. नदी ही स्थिर पातळीची सीमा धरली (प्रतिमा-विहीर पद्धत: नदीपलीकडे आरशातल्यासारखी एक कल्पित विहीर धरायची) की बोअरचा ओढा नदीकाठी दुप्पट होतो. मर्यादा Q भागिले (π × T × i) होते: ६६ मी. दोन बोअरमध्ये विभागलं तरी ३३ मीटरच्या अंतराने फार फरक पडत नाही, साधारण ६२ मी येतं. ४० मीटरवरच्या बोअर नदीचंच पाणी ओढणार.

आणि ते सहज लक्षात येत नाही, हीच पंचाईत. येणाऱ्या पाण्यात क्रोमियम कमी होत जातं, अहवालात उतरता आलेख येतो, सगळे खूश. प्रत्यक्षात तुम्ही नदीचं स्वच्छ पाणी पैसे मोजून शुद्ध करत असता आणि दूषित पट्टा कडेने सरकतो. ओळखायचं विद्युतवाहकतेवरून. समजा भूजलाची वाहकता ९००, नदीची ३०० मायक्रोसीमेन्स आणि बोअरमध्ये ६०० येतेय, तर निम्मं पाणी नदीचं. मग बोअरमधलं ०.४ मिग्रॅ म्हणजे मूळचं ०.८ च आहे, घटलेलं काही नाही. हॅनफर्डला काठावरच्या नमुन्यांचं वाचन असंच करतात. तिथे आधीच्या टप्प्यात काठच्या विहिरींना २० मायक्रोग्रॅमचं लक्ष्य होतं त्यामागेही हेच गणित होतं: नदीत शिरताना निम्म्याने विरळ होऊन १०. पुढे २०१८ च्या निर्णयात, डी आणि एच भागासाठी, नदीत मिसळणाऱ्या भूजलाला थेट १० लावले आणि आतल्या भागाला ४८.

बोअर ८० मीटरवर न्या. मग बोअर आणि नदीच्या मधल्या पट्ट्याचं काय, असं प्रदूषण नियंत्रण मंडळ विचारेल. सच्छिद्रता २५ टक्के धरली तर पाण्याचा वेग दिवसाला २० × ०.००३ ÷ ०.२५ = ०.२४ मी, ८० मी जायला ११ महिने. उपसा सुरू झाल्यावर मधला उतार मंदावतो, तेव्हा प्रत्यक्षात जास्तच. तेवढा काळ काठाला क्रोमियम दिसणार, हे आधीच लिहून द्या. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

रेझिनवाला:

वरच्या शुद्धीकरणाचं मी घेतो.

हॅनफर्डला आधी स्ट्राँग-बेस अॅनायन रेझिन होतं, जे भरलं की रिजनरेट करायचं, म्हणजे धुऊन पुन्हा वापरायचं. त्याचा तोटा असा की क्रोमेटबरोबर ते सल्फेट, नायट्रेटही उचलतं आणि मिठाच्या पाण्याने धुतलं की क्रोमियमयुक्त ब्राइन (खारं पाणी) हाती येतं. ते पुन्हा धोकादायक कचरा. नंतर तिथे एसआयआर-७०० हे वीक-बेस रेझिन आणलं, एकदाच वापरून टाकून द्यायचं. ते क्रोमेट पकडतंच, शिवाय त्याचं क्रोमियम-३ करून धरून ठेवतं, म्हणून क्षमता कितीतरी जास्त आणि बदली फार क्वचित. अट एकच: पाण्याचा पीएच ६ च्या आसपास, शक्यतो खालीच, राखायचा. ७ कडे गेला की क्षमता ढासळते.

तुमच्या आकड्यांत अडचण इथेच आहे. अल्कलिनिटी ३०० (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात), म्हणजे लिटरला ६ मिलीइक्विव्हॅलंट. पीएच ६ ला आणायला त्यातलं ७० टक्के मोडावं लागतं: लिटरला २०० मिग्रॅ सल्फ्युरिक आम्ल, १०० घनमीटरला रोज २० किलो. कोलंबियाकाठी हे परवडतं. आपल्याकडच्या दख्खनी पाण्याला आम्लाचं बिल रेझिनच्या बिलाला मागे टाकतं. वर सल्फेट लिटरला २०० मिग्रॅने वाढतं, जे परत जमिनीत सोडायचंय.

तरी रेझिन घ्यायचंच ठरलं तर:

भांडी दोन, एकामागे एक. रिकाम्या भांड्याच्या हिशेबाने प्रत्येकी ४ मिनिटांचा संपर्क, तासाला ४.२ घनमीटरला प्रत्येकी २८० लिटर रेझिन. पहिल्यातून क्रोमियम निसटलं की दुसरं पुढे आणायचं आणि नवं मागे. आधी ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर. गाळ शिरला तर रेझिनचा थर चोंदतो आणि वीक-बेस रेझिन बॅकवॉश करून थर उलटापालटा झाला की निसटणं लवकर सुरू होतं. आम्ल घातल्यावर पाणी दाबाखाली ठेवा. उघड्या टाकीत सोडलं तर कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि घातलेलं आम्ल वाया. दाब कमी पडला तर बुडबुडे रेझिनमध्येच सुटतात आणि पाणी आडवाटेने जातं. शेवटी पीएच वर आणायला कॉस्टिकपेक्षा साधा हवा-मनोरा स्वस्त. CO₂ काढला की बराचसा पीएच आपोआप वर येतो. पीएच प्रोब दोन लावा, दोघांत ०.३ चा फरक पडला की आम्लपंप बंद, हा इंटरलॉक सोडू नका. एकच प्रोब असला आणि तो खोटं सांगू लागला की क्रोमियम निसटल्यावरच कळतं.

फेनॉल-फॉर्माल्डिहाइडवर बनलेली काही वीक-बेस रेझिनं सुरुवातीला फॉर्माल्डिहाइड सोडतात. खरेदीआधी रासायनिक पाया विचारून घ्या.

फेरसचा_माणूस:

या पाण्याला माझं मत फेरस सल्फेटला. कागदावर १ मिग्रॅ क्रोमियम-६ ला ३.२ मिग्रॅ फेरस लोह पुरतं. पण इथेही वरचाच चोर: १ मिग्रॅ ऑक्सिजन ७ मिग्रॅ लोह खातो. सुदैवाने पीएच ७ च्या आसपास क्रोमियमची क्रिया ऑक्सिजनपेक्षा बरीच झपाट्याने होते, त्यामुळे सगळ्या ऑक्सिजनचं पोट भरावं लागत नाही. १:२५ धरून सुरुवात करा: ०.८ ला २० मिग्रॅ/लि. लोह, म्हणजे हेप्टाहायड्रेट रोज १० किलो. जार टेस्टने (बरण्यांत वेगवेगळे डोस घालून पाहून) मग खाली या.

क्रम: बंद पाइपात डोस (उघड्या टाकीत पाणी आपटून नको, ऑक्सिजन वाढतो), हळू ढवळत ३० ते ४५ मिनिटं, मग हवा देऊन उरलेलं फेरस फेरिक करायचं, पॉलिमर, सेटलर, वाळूचा फिल्टर. पीएच ७ ते ८. हवा द्यायच्या आधी क्रोमियम-६ शून्य आलंय का ते पट्टीने नाही, डायफिनाइलकार्बाझाइडने (क्रोमियम-६ शी रंग देणारं रसायन) तपासा. हवा लवकर सुरू केली तर फेरस संपतं आणि क्रोमियम-६ तसंच पुढे जातं. ही चूक नव्या ऑपरेटरकडून हमखास होते, म्हणून ब्लोअरला टाइमर.

गाळ: २० मिग्रॅ लोहाचं ३८ मिग्रॅ हायड्रॉक्साइड, रोज ३.८ किलो कोरडा, फिल्टर प्रेसच्या २०-२५ टक्के केकमध्ये १५ ते १९ किलो. फेरस सल्फेटचं द्रावण हिरवट असतं. टाकीत तांबूस-पिवळं झालं की फेरिक झालंय, ते क्रोमियमला निकामी. दोन दिवसांपुरतंच विरघळवा, थोडं आम्ल टाकून.

एक सावधगिरी जमिनीत परत सोडण्याबद्दल. फिल्टरमधून निसटलेलं लोह इंजेक्शन बोअरची जाळी महिनाभरात चोंदवतं. ०.१ मिग्रॅ/लि. च्या खाली लोह नसेल तर जमिनीत सोडू नका. आणि लक्ष्य काय ठेवताय? पृष्ठजलात सोडायच्या सांडपाण्याला क्रोमियम-६ ची मर्यादा ०.१ मिग्रॅ आहे, पण आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५. जमिनीत जाणारं पाणी खालच्या गावाच्या बोअरला लागणार, तेव्हा ०.०५ च धरा.

काठावरची_बोअर:

बोअर मागे न्यायची, भिंत बाजूला आणि फेरस, इथवर पटलं. एकूण क्रोमियम १.४ आणि क्रोमियम-६ ०.८ यातल्या फरकाचं कोणी सांगितलं नाही. प्रयोगशाळा म्हणते उरलेलं क्रोमियम-३ आहे. खाली दीड किलोमीटरवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे, हेही सांगायचं राहिलं.

हिशेबी_गाळ:

पीएच ७ च्या, ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ०.६ मिग्रॅ क्रोमियम-३ विरघळलेलं राहत नाही, ते हायड्रॉक्साइड होऊन बसतं. तेव्हा तो फरक नमुन्यातला आहे. शक्यता तीन.

नमुना गाळलेला नसेल तर आम्लाने गाळातलं क्रोमियम सुटतं. बेसॉल्टच्या मातीत ते मुळातच असतं. दुसरं, बोअरची जाळी स्टेनलेसची असेल तर तिच्या गंजातून क्रोमियम-निकेलचे कण येतात. न गाळलेल्या नमुन्यात निकेलही वर आलं तर संशय पक्का. हॅनफर्डच्या जुन्या विहिरींतही स्टेनलेसच्या गंजाची ही भानगड निघालीय. तिसरं आणि सगळ्यात सर्रास: क्रोमियम-६ च्या बाटलीत सवयीने नायट्रिक घातलं गेलं. आम्लात, सेंद्रिय द्रव्य असलं की, क्रोमियम-६ बाटलीतच क्रोमियम-३ होतं. मग खरा आकडा ०.८ पेक्षा जास्त आहे, आणि वरचे क्रोमियमच्या आकड्यावर आधारलेले हिशेब त्याप्रमाणे वाढवा.

नमुना असा: मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत, मंद उपसा, पीएच, वाहकता, ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत थांबा. जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. एक बाटली नायट्रिकची, एकूण क्रोमियमला. दुसरी आम्लाविना, बर्फात, २४ तासांत तपासायची. अमोनियम सल्फेटच्या बफरने पीएच ९.३ ते ९.७ केला तर २८ दिवस टिकते. मोजणी ५४० नॅनोमीटरला, आणि एका नमुन्यात ज्ञात मात्रा घालून ती परत येते का ते पाहा. गाळलेल्या नमुन्यात दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

उपसा_आणि_उतार:

बंधारा आहे म्हणता, मग उताराचा ०.००३ हा आकडा कुठल्या महिन्यातला? पावसाळा सरल्यावर बरगे (बंधाऱ्याची दारं अडवणाऱ्या फळ्या) टाकले की नदीची पातळी मीटर-दोन मीटर चढते आणि काढेपर्यंत तशीच राहते. ८० मीटरवर ०.००३ उतार म्हणजे पाण्याच्या पातळीत अवघा २४ सेंटिमीटरचा फरक. बरगे टाकल्यावर उतार नुसता कमी होत नाही, काही आठवडे उलटा होतो. हॅनफर्डला वरच्या प्रीस्ट रॅपिड्स धरणाच्या विसर्गामुळे हे दिवसागणिक होतं, तुमच्याकडे हंगामी.

याचे दोन परिणाम. नदीचं पाणी आत घुसतं तेव्हा बोअर ८० मीटरवर असूनही नदी ओढते. त्या काळात उपसा निम्मा करा किंवा मागच्या बोअरवर सरकवा. आणि पाणी चढल्यावर एरवी कोरडा असणारा मातीचा थर भिजतो, त्यात अडकलेलं क्रोमियम सुटतं. बरगे काढल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काठाला आकडा उसळतो. हॅनफर्डच्या ३०० एरियात युरेनियमचं अगदी असंच होतं, नदी चढली की भूजलातलं युरेनियम चढतं.

तेव्हा तीन पिझोमीटर (पाण्याची पातळी मोजायच्या बारीक बोअर), त्रिकोणात, आणि एक नळी नदीत. चौघांत दाबमापक लॉगर, तासाला एक नोंद. बरगे टाकण्याआधीपासून ते काढल्यानंतर महिनाभरापर्यंत. हवेच्या दाबाची दुरुस्ती करायला एक बॅरोमीटर लॉगर वेगळा. दिशा आणि उतार महिन्याच्या सरासरीने काढा, एका दिवसाच्या फितीवरून नाही.

काठावरची_बोअर:

लॉगर लावायला सांगतो. शेवटचं: गाळ आणि वापरलेलं रेझिन (छोटं पायलट तरी करायचंय) यांची विल्हेवाट?

फेरसचा_माणूस:

दोन्ही घातक कचरा धरून चाला. केकची टीसीएलपी (कचऱ्यातून किती विष पाझरतं त्याची चाचणी) करा, क्रोमियमची मर्यादा ५ मिग्रॅ/लि. फेरसचा चांगला बनलेला केक बहुतेक वेळा त्याखाली राहतो, पण अहवाल हातात येईपर्यंत नाही असंच समजा. जागेवर ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी, तुम्हाला जे जवळ पडेल ते. आधी सदस्यत्व आणि नमुन्याची मंजुरी, मग गाडी. वाहतुकीला फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारा नोंदपत्रक). रेझिन पाणी पूर्ण निथळून झाकणबंद एचडीपीई पिंपात द्या. पिंपात मोकळं पाणी दिसलं तर गेटवरूनच गाडी परत पाठवतात.